पकड आणि धडक

१९७१ च्या सप्टेंबरात मी ओहायो राज्यातल्या एका लहानशा गावी शिकायला जाऊन पोहोचलो, तेव्हा अमेरिकन फुटबॉलविषयी माझे ज्ञान शून्य होते. फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू मारायचा, एवढे ठाऊक. आणि इथे तर चेंडू लांबोडका, तो काखेत मारून पळायचे, आणि त्याला पाय लावायचा प्रसंग सबंध खेळात मोजकाच! ज्या घराच्या माळ्यावर मी खोली घेतली होती, त्या घराचे मालक साठी ओलांडलेले गृहस्थ होते. शाळेत असताना ते हा खेळ चामड्याची टोपी घालून खेळले होते. रविवारी दुपारी ते मला खाली बोलावीत, टेलिव्हिजन लावीत, आणि त्याचा आवाज मात्र पार बंद करून टाकीत. बोलणारे लोक नको त्या गोष्टीची वाहवा करतात, असे त्यांचे म्हणणे होते.

चेंडू घेऊन पळणाऱ्यावर एखादा गडी डोके पुढे करून आदळला, दोघेही कोलमडले, की पडद्यावरचे हजारो प्रेक्षक उठून उभे राहत. म्हातारबुवा मात्र हात झटकून म्हणत, "ही धडक झाली. यात पकड कुठे आहे?"

त्यांचे शब्द अर्थातच इंग्रजी होते. पण माझ्या मनात त्यांचे मराठी आपोआप झाले, कारण माझे बालपण हुतुतूच्या मातीत गेले होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शाळेमागच्या पटांगणात आम्ही रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत खेळत असू. चढाईला आलेल्या गड्याचा कोपऱ्यावरच्याने घोटा धरायचा, मधल्याने कंबर धरायची, आणि दम सुटेपर्यंत सोडायचे नाही. पकडताना डोके कुठे ठेवावे, हे आम्हांला कोणी शिकवले नाही; उघडे डोके स्वतःची काळजी स्वतःच घेते. मास्तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: गड्याच्या डोळ्यांकडे पाहू नको, हातांकडे पाहू नको, कमरेकडे पाहा, डोळे आणि हात फसवतात, कंबर फसवत नाही. माझ्या घरमालकांनी त्यांच्या शिक्षकाचा पहिला धडा म्हणून मला जो सांगितला, तो अक्षरशः हाच होता. सात समुद्रांपलीकडच्या त्या म्हाताऱ्याशी माझे सूत जुळले ते त्या दिवसापासून.

पकडीची विद्या बुडाली, ही तक्रार मी तेव्हापासून पन्नासहून अधिक वर्षे ऐकत आलो आहे. १९७१ साली म्हातारबुवा ती करीत. आज १९७१ चे तरुण ती करतात. प्रत्येकाला आपल्या लहानपणचे आंबे गोड वाटतात, त्यातलाच हा प्रकार, असे म्हणून मी ती सोडूनही दिली असती. पण २०१७ साली माझा नातू तेरा वर्षांचा झाला, शाळेच्या संघात खेळायचे म्हणून हटून बसला, आणि माझ्या मुलीने संमतीचा कागद माझ्यापुढे ठेवून विचारले, "बाबा, सही करू की नको?" त्या प्रश्नाने मला या खेळाचा इतिहास नीट वाचायला लावले. जे हाती लागले ते मी समजत होतो त्याहून निराळे होते.

मराठी वाचकासाठी खेळाची थोडी ओळख करून देतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. दोन गोलरेषांमधले अंतर शंभर यार्ड. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार चालींत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले की पुन्हा चार चाली. समोरच्यांचे काम एकच, चेंडूवाल्याला धरून जमिनीवर आणायचे. हा खेळ इंग्लंडच्या रग्बीचा मुलगा. (त्या रग्बीचा आपल्याकडे एक धागा आहे: १८७८ साली कलकत्त्याचा रग्बी क्लब मोडला, तेव्हा सभासदांनी शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडवला आणि विलायतेस पाठवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या 'कलकत्ता कप'साठी झुंजतात. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे.) १८७४ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठाकडून रग्बीचे नियम उचलले, आणि पुढे येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पने त्यांना इतके कापले-शिवले की मुलगा बापाला ओळखू येईना. १८८० साली अकरा गड्यांचा संघ आणि दोन फळ्यांमधली रेषा आली, १८८२ साली ठरावीक चालींत ठरावीक यार्ड हा हिशेब आला.

पकडीच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८८८. तोवर कमरेखाली धरण्यास मनाई होती. त्या वर्षी गुडघ्यापर्यंत धरण्याची परवानगी मिळाली. दिसायला बारीक बदल. पण मोकळ्या मैदानात पळणाऱ्याची त्यामुळे पंचाईत झाली. मांडीला मिठी बसली की पळणार कसा? तेव्हा पकडीपासून चेंडूवाल्याला वाचवण्यासाठी त्याचे साथीदार त्याच्याभोवती दाटी करू लागले. १८९२ साली हार्वर्डने येलविरुद्ध बाणाच्या टोकासारखी रचना करून पळत आदळण्याची 'उडती पाचर' काढली. ती इतकी घातकी ठरली की १८९४ साली बंद करावी लागली. पकडीची कला मात्र याच सुमारास शाळेत बसली म्हणायची. येलच्या आमोस अलोन्झो स्टॅगने १८८९ च्या सुमारास जुनी गादी गुंडाळून टांगली आणि तिला मिठ्या मारण्याचा सराव सुरू केला, असे सांगतात. ही गादी वाचकांनी लक्षात ठेवावी. शेवटी ती पुन्हा भेटणार आहे.

दाटीच्या त्या खेळाने माणसे मरू लागली. १९०५ च्या एका हंगामात निदान अठरा मुले गेली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा थोरला मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघातून खेळत होता. त्यांनी ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना आपल्या निवासस्थानी बोलावून खेळ सुधारण्यास बजावले. १९०६ साली नवे नियम आले: चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, दोन फळ्यांमध्ये मोकळी पट्टी आली, आणि पाचाऐवजी दहा यार्डांची अट आली. दाटी फुटली, खेळ मैदानभर पसरला, आणि एकट्या गड्याने एकट्या गड्याला धरण्याची वेळ वारंवार येऊ लागली. पकडीचे मोल वाढले ते इथून.

माझ्या घरमालकांची पिढी या काळातली. त्यांची टोपी चामड्याची. कान झाकण्यापुरती, पाऊस लागला की भिजून मऊ पडणारी. काहीजण तीही घालत नसत. शिकागो आणि फिलाडेल्फियाकडून खेळलेला बिल ह्यूइट हा त्यांतला नामांकित. १९३९ पर्यंत तो बोडक्या डोक्याने खेळला. १९४३ साली तो पुन्हा मैदानात उतरला त्या वर्षापासून धंदेवाईक संघटनेने शिरस्त्राण सक्तीचे केले, म्हणून नाइलाजाने त्याने ते चढवले. अशा माणसांनी डोके बाजूला ठेवून, खांदा मांडीत घालून, दोन्ही हातांचा विळखा मारून आणि पायांनी रेटत पकड करायची, यात नवल ते काय? डोके पुढे केले तर आपलेच फुटणार. त्यांच्या हातातली कला म्हणजे निम्मी भीतीच होती.

ही भीती कशी गेली, ते पाहायला मी कॅन्टनला गेलो. ओहायोतल्याच या गावी १९२० साली एका मोटारीच्या दुकानात धंदेवाईक फुटबॉलची संघटना जन्मली, आणि १९६३ पासून तिथे या खेळाचे संग्रहालय आहे. तिथल्या काचांसमोर उभे राहून मी मनाशी तारखा जुळवीत होतो. १९३९ साली रिडेल कंपनीने प्लॅस्टिकचे हेल्मेट काढले. १९५३ साली क्लीव्हलँडच्या ऑटो ग्रॅहम या मोठ्या खेळाडूचे तोंड प्रतिस्पर्ध्याच्या कोपराने फाटले; मध्यंतरात टाके घालून, तोंडापुढे प्लॅस्टिकची पट्टी बसवून त्याला पुन्हा मैदानात पाठवण्यात आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत प्रत्येक हेल्मेटला तोंडापुढे जाळी आली. कवटी प्लॅस्टिकने झाकली, नाक-दात जाळीने झाकले. या दोन्ही गोष्टी माणसाला वाचवण्यासाठी निघाल्या आणि त्यांनी पुष्कळांना वाचवलेही. पण ज्याच्या डोक्याला काही लागत नाही, तो डोके मागे कशाला ठेवील? जी वस्तू ढाल म्हणून दिली, तिची तरुण पोरांनी दहा वर्षांच्या आत पहार केली.

या स्थित्यंतराच्या ऐन मध्यावर उभा असलेला एक माणूस मला फार आवडतो. फिलाडेल्फियाचा चक बेडनारिक. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानातून तीस मोहिमा करून आलेला, फावल्या वेळात काँक्रीट विकणारा, आणि चढाई व बचाव दोन्ही फळ्यांतून पूर्ण वेळ खेळणारा त्या परंपरेतला अखेरचा गडी. २० नोव्हेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर त्याने फ्रँक गिफर्डला असे काही आडवे केले की गिफर्ड बेशुद्ध पडला. १९६१ चा सबंध हंगाम तो खेळू शकला नाही. पडलेला गिफर्ड आणि त्याच्यापुढे मूठ उगारून उभा बेडनारिक, हे छायाचित्र अमेरिकेत घरोघर माहीत आहे. ती टक्कर नियमाला धरूनच होती. पण लोकांनी तिच्यातून उचलले ते आदळणे.

आता पाच आठवड्यांनंतरची गोष्ट ऐका. २६ डिसेंबर १९६०, अजिंक्यपदाचा सामना. फिलाडेल्फिया १७, ग्रीन बे १३. घड्याळात शेवटचे काही क्षण. ग्रीन बेचा जिम टेलर हा रेड्यासारखा ताकदीचा गडी चेंडू घेऊन निघाला. गोलरेषा आठ-दहा यार्डांवर. तिथे पस्तीस वर्षांच्या बेडनारिकने त्याला दोन्ही हातांनी कवटाळले, खाली आणले, आणि घड्याळ संपेपर्यंत त्याच्यावरून उठला नाही. सामना संपला, अजिंक्यपद मिळाले. मिळवून दिले ते धडकेने नव्हे, मिठीने. या पकडीचे छायाचित्र मात्र कोणी भिंतीवर लावीत नाही. एकाच माणसाच्या, एकाच हंगामातल्या या दोन गोष्टींपैकी कोणती पुढच्या पिढीने गिरवली, हे सांगायला नको.

आता इतिहासाने माझी फजिती केली ती जागा. म्हातारबुवांची तक्रार ऐकून मी धरून चालत होतो की पूर्वी शिकवणारे चांगले होते आणि पुढे पोरे आळशी झाली. तसे नव्हते. साठीच्या दशकातले कोच पकड शिकवीत होते. रोज, घाम निघेपर्यंत शिकवीत होते. पण शिकवीत काय होते? 'समोरच्याच्या छातीवरच्या आकड्यात तोंड घाल.' आधी जाळी आदळायची, मग हात. जुन्या काळचा 'पाया' म्हणून आज ज्याची आठवण काढतात, त्यात हा धडा होता. १९६८ च्या हंगामात शाळा-कॉलेजांपासून धंदेवाईकांपर्यंत मिळून ३६ जण मैदानावरच्या थेट इजेने मेले. नोंदी ठेवू लागल्यापासूनचा हा सर्वांत मोठा आकडा. ज्या काळाला लोक सुवर्णकाळ म्हणतात, तो मसणवट्याला लागून होता.

मृत्यूंच्या जोडीला दुसरे संकट होते: मान मोडून हातपाय कायमचे लुळे पडण्याचे. फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी १९७५ साली देशभरच्या अशा इजांची नोंदवही सुरू केली. तोवर समज असा की हेल्मेटची मागची कड मानेत घुसते. टॉर्ग यांनी सामन्यांच्या फिती पाहून निराळेच दाखवून दिले. माणूस डोके खाली घालून आदळतो, तेव्हा मानेचा नैसर्गिक बाक निघून जातो आणि मणके एका सरळ काठीसारखे होतात. डोके थांबते, पण मागून धड येतच असते; मधली काठी मोडते. हेल्मेट कितीही उत्तम असले तरी यात ते काही करू शकत नाही. १९७६ साली शाळा-कॉलेजांच्या नियमांत बदल झाला: पकडताना आणि अडवताना डोक्याने पहिली टक्कर देणे गुन्हा ठरले. त्या वर्षी ३४ मुलांचे हातपाय गेले होते. पुढच्या वर्षी १८. १९८४ साली ५. आणि १९९० साल असे उगवले की थेट इजेने एकही मृत्यू झाला नाही. मुलांचे प्राण वाचवले ते नव्या यंत्राने नव्हे. डोके बाजूला ठेव, या जुन्या अकलेने.

मग पकड परत आली का? पुरती नाही. धंदेवाईकांत तर उलटेच वारे होते. १२ ऑगस्ट १९७८ रोजी ओकलंडला एका सरावाच्या सामन्यात जॅक टेटमच्या धडकेने डॅरिल स्टिंगली या सव्वीस वर्षांच्या खेळाडूचे हातपाय गेले ते कायमचे. २००७ साली तो वारला. त्या धडकेवर पंचांनी साधा दंडही दिला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती बसत होती. त्याच वर्षी चेंडू फेकण्याच्या बाजूचे नियम आले. झेल घ्यायला पळणाऱ्याला पाच यार्डांपलीकडे अडवण्यास मनाई झाली. साहजिकच खेळ आणखी मोकळ्यात गेला. मोकळ्या मैदानात, पुढून वाऱ्यासारखा येणारा चपळ गडी एकट्याने धरणे हे पकडीतले सर्वांत अवघड काम. आणि ते वाढले नेमके त्या काळात, ज्या काळात मुले टेलिव्हिजनवर धडका बघून वाढत होती. २००० नंतरच्या दशकात तर आठवड्यातल्या सर्वांत जोरदार टकरा वेचून दाखवण्याचा एक विनोदी कार्यक्रमच होता. हात पसरून केलेली स्वच्छ पकड त्यात कधी दिसायची नाही; ती दिसायला काही होतच नाही, फक्त खेळ थांबतो.

आणखी एक मोह आला: चेंडू हिसकावण्याचा. शिकागोचा चार्ल्स टिलमन पकडतानाच नेमक्या जागी मूठ मारून चेंडू पाडत असे. त्याला ते साधत होते, कारण त्याचा दुसरा हात गड्याभोवती असे. अनुकरण करणाऱ्यांनी मूठ उचलली, दुसरा हात विसरले. शेवटी २०११ च्या मालक-खेळाडू कराराने हंगामातले पूर्ण पोशाखातले सराव चौदांवर आणले. खेळाडूंच्या शरीराच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण जुने कोच म्हणू लागले, सराव नाही तर पकड येणार कुठून?

सराव कमी करण्यामागे कारणही तसेच होते. २००२ साली पिट्सबर्गचा माइक वेब्स्टर पन्नासाव्या वर्षी वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवारच्या आघातांनी जडणारा रोग त्यात सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध केले. माझ्या दृष्टीने यातली मुख्य गोष्ट ही की वेब्स्टर काही पकडणारा गडी नव्हता. तो मधल्या फळीत चेंडू मागे देणारा, प्रत्येक चालीत समोरच्याला भिडणारा. त्याचा नाश एका मोठ्या धडकेने केला नाही. रोजच्या हजारो लहान धक्क्यांनी केला. उत्तम पकड मान वाचवील. पण या धक्क्यांना तिच्यापाशी पुरता उतारा नाही. हे मला मुलीपासून लपवायचे नव्हते.

मग दोन्ही साधावे कसे: धक्के कमी आणि पकड चांगली? याचे उत्तर एका कोचने शोधले. डार्टमथ कॉलेजचे बडी टीव्हन्स. त्यांचा संघ २००८ साली दहाच्या दहा सामने हरला होता, २००९ साली आठ. २०१० साली त्यांनी जाहीर केले की आमच्या सरावात आमचा गडी आमच्या गड्याला पाडणार नाही. लोकांनी वेड्यात काढले. टीव्हन्सनी पोरांकडून गाद्यांवर, हलत्या लक्ष्यांवर, पाय-खांदा-हात असे सुटे सुटे करून शेकडो वेळा पकड घोटून घेतली. त्या वर्षी सहा सामने जिंकले. २०१५ साली दहापैकी नऊ जिंकून अजिंक्यपदात वाटा मिळवला. त्याच साली कॉलेजच्या अभियांत्रिकी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने त्यांनी दुरून चालवता येणारा, पळणारा, वळणारा एक यांत्रिक पुतळा उभा केला. येलमधली ती टांगलेली गादी सव्वाशे वर्षांनी पायांवर उभी राहून पळू लागली! २०१६ साली त्यांच्या गटातल्या आठही कॉलेजांनी हंगामातला पाडापाडीचा सराव बंद केला. टीव्हन्स २०२३ साली सायकलच्या अपघातानंतर वारले.

दुसरे उत्तर सिअ‍ॅटलहून आले. २०१४ च्या फेब्रुवारीत अजिंक्य ठरलेल्या तिथल्या संघाचे कोच पीट कॅरल यांनी त्याच वर्षी आपली पकडीची रीत चित्रफितीवर घालून सर्वांना खुली केली. त्या रीतीचे मूळ त्यांनी लपवले नाही: रग्बी. डोके गड्याच्या मागच्या बाजूला, खांदा मांडीत, हातांचा विळखा, मग लोळण. ज्या बापाचे नाव टाकले होते, त्याच्याच घरी पोरगा एकशे चाळीस वर्षांनी शिकवणीला गेला! कारण सरळ आहे. रग्बीवाल्याच्या डोक्यावर काही नसते. म्हणून त्याच्या हातांना आठवण राहिली. अर्थात बापाचेही सगळे गोड नाही. रग्बीतही मेंदूच्या इजांचा प्रश्न उभा आहे, आणि इंग्लंडने २०२३ पासून हौशी खेळात पकडीची उंची छातीच्या हाडाखाली आणली. इकडे अमेरिकेत २०१८ साली डोके खाली घालून आदळणे धंदेवाईकांतही सर्वस्वी दंडनीय ठरले, २०२४ साली मागून धरून अंग गड्याच्या पायांवर टाकण्याची रीत बंद झाली. एकेक चुकीची वाट बुजत चालली आहे. राहील ती कदाचित म्हातारबुवांचीच.

असो. २०१७ च्या त्या ऑगस्टात मी मुलीला म्हणालो, "आधी सराव पाहून येऊ, मग सही." आम्ही दोघे शाळेच्या मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो. कोच तरुण होता. त्याने पोरांची हेल्मेटे काढून एका रांगेत ठेवायला लावली, आणि स्पंजाचे एक मोठे कडे गवतावरून गडगडत सोडले. प्रत्येक पोराने धावत जायचे, पावले आखडायची, गुडघे वाकवायचे, आणि डोके मागे ठेवून कड्याला मिठी मारून लोळायचे. "बोडक्या डोक्याने शिका," तो सांगत होता, "म्हणजे ते कुठे ठेवायचे हे डोक्यालाच कळेल." मी मुलीकडे पाहिले. तिला हुतुतू ठाऊक नाही. पण माझ्या चेहऱ्यावरून तिने काय ते ओळखले. तरी तिने सही करताना अट घातलीच: धडका सुरू झाल्या तर त्याच दिवशी बंद. नातू तीन वर्षे खेळला आणि मग आपल्या मर्जीने सोडून धावण्याच्या संघात गेला. खेळल्याचा त्याला पश्चात्ताप नाही, सोडल्याचा मला नाही.

त्या तीन वर्षांतला एकच प्रसंग सांगतो. दुसऱ्या हंगामात, सामन्याच्या अखेरीस, समोरच्यांचा एक थोराड पोरगा चेंडू घेऊन कडेने सुटला. मध्ये एकटा आमचा नातू. मी खुर्चीवरून अर्धवट उठलो. त्याने पावले आखडली, पोराच्या कमरेवर नजर ठेवली, आणि ज्या बाजूला तो वळला त्या बाजूला मांडीला मिठी घातली. दोघे लोळत बाहेर गेले. मग थोराड पोरगा आधी उठला, आणि त्याने हात देऊन आमच्याला उठवले. कोणाला काही लागले नव्हते. प्रेक्षकांतून टाळी आली नाही. बहुतेक लोक तोवर घरी जायला सामान आवरत होते.

मी मात्र खाली बसलो, आणि १९७१ सालच्या त्या दिवाणखान्यातला आवाज बंद केलेला टेलिव्हिजन मला आठवला. म्हातारबुवा जाऊन तेव्हा पुष्कळ वर्षे झाली होती. ते शेजारी असते तर काही बोलले नसते. नुसती मान हलवली असती.